वाळूचं कूळ, वाळूचं मूळ

रत्नागिरीत संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसाला हमखास विचारतात, ‘काळ्या समुद्रावर की पांढऱ्या?’ पाणी दोन्हीकडे त्याच अरबी समुद्राचं. रंग आहे तो वाळूचा. रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसला आहे. त्याच्या दक्षिणेला मांडवीची पुळण काळपट, उत्तरेला पांढुरकी. मधे एवढा एकच डोंगर, आणि वाळू मात्र दोन घरांची.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. वाळूचं मात्र दोन्ही शोधावं. कोकणात जाताना मी एक भिंग आणि एक साधं लोहचुंबक बरोबर ठेवतो. गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला गर्दीत उभं राहून वाळू न्याहाळणं जमत नाही. म्हणून पावलं वेळास, केळशी, काळबादेवी, भोगवे, निवती अशा पुळणींकडे वळतात. तिथे तासभर उकिडवं बसलं तरी कोणाची अडचण होत नाही.

काळ्या वाळूपासून सुरुवात करू. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडवीच्या कोरड्या वाळूवरून फिरवलं की पिशवीला काळ्या कणांची दाढी फुटते. हे कण मॅग्नेटाइटचे. त्यांच्या सोबतीला इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड; ते चुंबकाला जेमतेम दाद देतं. दोन्ही आले सह्याद्रीच्या काळ्या कातळातून, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हातून. कोकणातल्या उष्ण, धो धो पावसात त्या कातळातली बाकीची खनिजं कुजतात. त्यांची माती होते, जांभा होतो, खाडीत गाळ साचतो. लोह-टायटॅनियमचे हे चिवट कण तेवढे टिकून राहतात आणि ओढ्या-नद्यांबरोबर किनाऱ्याला लागतात.

पुढचं काम लाट करते, आणि ते सुपात तांदूळ पाखडण्यासारखं आहे. येताना लाट जोरात असते, हलके-जड सगळे कण वर आणून टाकते. परतताना तिचा जोर कमी, त्यामुळे हलके कण तेवढे माघारी नेते. गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, कण पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, इल्मेनाइट ४.७ पट, मॅग्नेटाइट पाचपटीहून जास्त. वर्षानुवर्षं ही पाखडणी चालली की वाळूत काळ्या कणांचे थर उरतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काळबादेवी आणि आसपासच्या उपसागरांतल्या या इल्मेनाइटचा दीर्घ अभ्यास केला आहे. भिंतीला लावायच्या पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड याच काळ्या खनिजापासून काढतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मूठभर काळी वाळू पुन्हा उचलून पाहिली होती.

मग शेजारच्या पुळणीवर ती का नाही? कोकणचा किनारा सलग नाही, दातेरी आहे. समुद्रात शिरलेला प्रत्येक डोंगर म्हणजे दोन पुळणींमधला बांध. इकडची वाळू वळसा घालून तिकडे सहसा जात नाही. त्यामुळे प्रत्येक पुळणीला आपली खाडी, आपला डोंगर आणि आपले शिंपले यांच्यावरच भागवावं लागतं.

देवगड-मालवण ओलांडून दक्षिणेला गेलं की डोंगरच बदलतात. दक्षिण सिंधुदुर्गात लाव्हाखालचे फार जुने खडक उघडे पडले आहेत. त्यांतले काही अडीचशे कोटी वर्षांहून जुने. त्यांत गार भरपूर, आणि गारेला पाऊस काही करू शकत नाही. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात जी सिलिका वाळू खणतात, तीही अशाच गारेची. भोगव्याच्या, निवतीच्या पुळणीवर भिंगाखाली काचेच्या चुऱ्यासारखे पारदर्शक कण दिसतात ते हेच. पण प्रत्येक पांढरा कण गारेचा नसतो. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर तेवढी वाळू शिंपल्यांची, म्हणजे कधीकाळी जिवंत असलेली.

आणि आजही ती निर्जीव नाही. ओहोटीला ओलसर वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसते. नखाएवढे खेकडे ती घालतात. वाळू तोंडात घ्यायची, कणांना चिकटलेलं शेवाळ नि सेंद्रिय अन्न खरवडून खायचं आणि चोख झालेली वाळू गोळी करून मागे टाकायची. पुढच्या भरतीला रांगोळी पुसली जाते, आणि ओहोटी लागली की नवी घालायला घेतात.

केळशीला खाडीच्या मुखाशी वाळूची उंच टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिच्या थरांत मानवी वस्तीच्या खुणा शोधल्या. १५२४ साली वास्को द गामाचा ताफा दाभोळजवळ असताना समुद्र हादरल्याची पोर्तुगीज नोंद आहे, आणि ही टेकडी एखाद्या त्सुनामीने रचली असावी, असाही एक तर्क मांडला गेला. सर्वांना तो मान्य नाही. वारासुद्धा वाळूच्या टेकड्या रचतो, वादळंही रचतात. माझा कल वाऱ्याकडे आहे, पण थर वाचायला अजून अवकाश आहे. त्यासाठी टेकडी जागेवर राहिली पाहिजे, वाळू उपसणाऱ्यांच्या ट्रकमधून जाता कामा नये.

किनारा वर्षभर सारखा नसतो, हे रापणीचं जाळं ओढणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. आषाढात उंच, घाईच्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि जरा आत, पाण्याखाली तिचा बांध घालतात. किनारा रोडावतो, सपाट होतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की संथ लाटा तीच वाळू हप्त्याहप्त्याने परत आणतात. थंडीपर्यंत पुळण पुन्हा भरते. वरच्या बाजूला मर्यादवेल तिला धरून ठेवते. वेलीला हे नाव ज्यांनी दिलं त्यांनी किनारा नीट पाहिला होता.

आणि पुळण भरून येते नेमक्या त्याच वेळी ऑलिव्ह रिडले कासविणी येतात. नाना फडणवीसांच्या मूळ गावी, वेळासला, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांबरोबर त्यांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. मादी रात्री वर येते, हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पुढचे सुमारे पन्नास दिवस वाळूच त्यांची आई. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूची ऊबच ठरवते. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात. वाळू त्याहून तापली तर माद्या वाढतात, थंड राहिली तर नर. म्हणून वाळूचा रंग, तिचा ओलावा, सावली यांना इथे महत्त्व येतं. २०२१ मध्ये ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. देशाला वळसा घालून आलेल्या त्या जिवाला इथे हवी होती ती फक्त मोकळी, भुसभुशीत, चढता येईल अशी वाळू.

तीच आता कमी होते आहे. धूप थांबवायला दगडी बंधारा घातला की लाट त्यावर आपटून परतते आणि पायथ्याची वाळू सोबत नेते. बंधाऱ्यामागची घरं, माड वाचतात, हे खरंच आहे, आणि तिथे राहणाऱ्यांना ते नको म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण पुढची पुळण खंगते. खाडीतून पंपाने रेती उपसली, नद्यांवर धरणं झाली की मुळातला पुरवठाच आटतो. बंधारा घालण्याआधी त्या पुळणीची वाळू कुठून येते आणि कुठे जाते याचा किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा मोजून हिशेब झाला पाहिजे.

फाल्गुनात वेळासला वस्तीला असाल तर पहाटे हॅचरीत, म्हणजे कासवांची अंडी राखतात तिथे, जा. घरट्यावर पालथी घातलेली टोपली कार्यकर्ते उचलतात. कधी खाली काहीच नसतं. कधी वाळू मधोमध किंचित खचलेली असते, आणि त्या खळग्यात एक करडं डोकं, मग दुसरं. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना सोडतात. ती चालायला लागतात तेव्हा पाठीवर वाळू चिकटलेली असते, आणि पहिल्या लाटेत ती धुऊन निघते.