व्यायामपूर्व पूरके आणि मांसबल : औषधालयाच्या फळीवरून एक विचार

गेल्या काही वर्षांत आयुर्वेदीय औषधालयांच्या फळ्यांवर च्यवनप्राश आणि अश्वगंधारिष्ट यांच्या शेजारी एका नव्या मालाने जागा पटकावली आहे. भडक रंगांच्या, रुंद झाकणाच्या या डब्यांवर 'प्री-वर्कआउट' असे लिहिलेले असते आणि अलीकडे त्यामागे 'हर्बल' हे विशेषणही जोडले जाऊ लागले आहे. व्यायामशाळेत जाणारा तरुण तो डबा हाती घेऊन विचारतो, "याने ताकद वाढेल का?" प्रश्न सरळ आहे. मात्र 'ताकद' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करून सांगणे हे वैद्याचे आणि औषधविक्रेत्याचेही काम आहे.

बल सहज, कालज आणि युक्तिकृत असे त्रिविध मानले आहे. आहार, व्यायाम व रसायन यांच्या योजनेने प्राप्त होते ते युक्तिकृत बल. ते धातुपोषणातून येते आणि त्यास काळ लागतो. व्यायामापूर्वी अर्धा-एक तास घेतलेल्या चमचाभर चूर्णाने मांसधातूची वृद्धी होणे शक्य नाही. त्याने होते ते इतकेच, की अंगी असलेले बल त्या प्रसंगी थोडे अधिक वापरता येते. दोहोंतील हा भेद डब्यावरील मजकूर पुसून टाकतो.

या मिश्रणांतील खरे कार्यकारी द्रव्य बहुतेक वेळा एकच असते, आणि ते म्हणजे कॅफीन. बाजारातील एका मात्रेत ते साधारणतः १५० ते ३०० मि.ग्रॅ. असते. आपल्या नेहमीच्या चहाच्या कपात ३० ते ६० मि.ग्रॅ. कॅफीन धरले, तर ही मात्रा किती मोठी आहे हे लक्षात येईल. क्रीडावैद्यकात अभ्यासलेली मात्रा शरीरभाराच्या दर किलोस ३ ते ६ मि.ग्रॅ. असून ती व्यायामापूर्वी सुमारे एक तास दिली जाते. कॅफीन मेंदूतील अॅडिनोसिनच्या ग्राहकांना अडवते, त्यामुळे थकव्याची जाणीव मंदावते. त्याचा स्नायुबलावरील परिणाम खरा आहे, परंतु अल्प आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंच्या कमाल आकुंचनबलात सुमारे ७ टक्के वाढ आढळली, इतर स्नायूंत फारशी नाही. २०१८ मधील दुसऱ्या विश्लेषणात एका वेळी उचलता येणाऱ्या कमाल वजनावर किंचित लाभ दिसला, आणि तोही पायांपेक्षा हातांत व खांद्यांत अधिक. दोन विश्लेषणांचे निष्कर्ष असे परस्परविरुद्ध दिशेने जातात, तेव्हा परिणामाची मर्यादा आपोआप कळते.

यात मनाचा वाटाही लहान नाही. २००६ मध्ये सायकलपटूंवर झालेल्या एका प्रयोगात सर्वांना निष्क्रिय द्रव्यच दिले होते. ज्यांना आपण कॅफीनची मोठी मात्रा घेतली असे वाटले, त्यांची शक्ती ३.१ टक्क्यांनी वाढली. आपल्याला निष्क्रिय द्रव्य मिळाले असे ज्यांना वाटले, त्यांची मात्र १.४ टक्क्यांनी घटली. सत्त्वबलाचा विचार करणाऱ्या वैद्यास यात नवल वाटण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचा वाटतो तो वेगळा मुद्दा. शास्त्राने व्यायाम अर्धशक्तीने करावा असे सांगितले आणि ती मर्यादा ओळखण्याची लक्षणेही दिली : ललाट, नासिका व कक्षा येथे येणारा स्वेद, मुखशोष, श्वासाची वाढलेली गती. शरीर स्वतःच 'आता पुरे' असे सांगते. कॅफीनचा उपयोग होतो तो नेमका ही सूचना दाबून टाकण्यामुळे. अनुभवी मल्लास याने कदाचित अपाय होणार नाही. परंतु तीन आठवड्यांपूर्वी व्यायाम सुरू केलेल्या, रक्तदाब कधीही न मोजलेल्या चाळिशीच्या गृहस्थाच्या बाबतीत ही सूचना बंद करणे धोक्याचे आहे.

दुसरी हानी निद्रेची. शहरांतील बहुसंख्य मंडळी कामावरून सुटल्यावर, सायंकाळी सात-आठच्या सुमारास व्यायामशाळेत जातात. कॅफीनचा अर्धायुकाल सरासरी पाच तासांचा आहे. निजण्यापूर्वी सहा तास घेतलेल्या ४०० मि.ग्रॅ. कॅफीनने झोप एक तासाहून अधिक कमी होते, असे २०१३ मधील एका अभ्यासात दिसले. निद्रा हा त्रयोपस्तंभांपैकी एक. मांसाची झीज भरून निघते ती विश्रांतीत. सायंकाळी दोन किलो अधिक उचलण्यासाठी रात्रीची झोप गमावणे हा तोट्याचाच व्यवहार होय.

अन्य घटकांविषयी थोडक्यात. बीटा-अॅलॅनीनने त्वचेवर मुंग्या येतात आणि ग्राहक त्यालाच 'औषध लागू पडले' असे समजतो. वास्तविक ते चार आठवडे रोज ३ ते ६ ग्रॅम घेतल्यावर एक ते चार मिनिटांच्या तीव्र श्रमात थोडा उपयोग देते, कमाल बल वाढवीत नाही. बीटाच्या रसातील नायट्रेटचे रूपांतर जिभेवरील जीवाणू करतात, म्हणून जंतुनाशक गुळण्या करणाऱ्यास त्याचा लाभ होत नाही. सिट्रुलिनविषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत.

क्रिएटिनचे मात्र वेगळे आहे. बलवृद्धीसाठी सर्वाधिक पुरावा त्याच्याच बाजूने आहे, आणि गंमत अशी की ते 'व्यायामपूर्व' द्रव्यच नव्हे. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास तीन-चार आठवड्यांत स्नायूंतील साठा भरतो. ते कोणत्या वेळी घेतले याने विशेष फरक पडत नाही. शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत हा साठा मुळात कमी असल्याने त्यांना लाभही चांगला होतो. वैद्यांनी येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी : क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तातील क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसू शकते. असा अहवाल घेऊन तरुण समोर बसला असता वृक्कविकाराचे निदान करून पुनर्नवा-गोक्षुर सुरू करण्याआधी "जिममध्ये काय घेता?" हा प्रश्न विचारावा आणि आवश्यक तर क्रिएटिन थांबवून पुन्हा तपासणी करावी.

अश्वगंधेचा दावा

'हर्बल' डब्यांवर अश्वगंधेचे नाव मोठ्या अक्षरांत असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात ५७ पुरुषांपैकी काहींना मूळाचा अर्क ३०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिला. छातीवरून वजन उचलण्याची त्यांची क्षमता सरासरी ४६ किलोंनी वाढली, तर निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांची २६.४ किलोंनी. हे आकडे आपल्या प्रचारसाहित्यात वारंवार येतात, पण दुसऱ्या आकड्याकडे कोणी पाहत नाही. काहीही न घेता, केवळ नियमित व्यायामाने २६ किलो वाढले! हे सर्व जण व्यायामात नवखे होते. २०१८ मधील अमेरिकेतील अभ्यासात, आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांत बारा आठवड्यांनी हा फरक कमी झालेला दिसतो : १२.८ किलो विरुद्ध ८ किलो.

तेव्हा अश्वगंधा बल्य आहे या परंपरेस आधुनिक आधार मिळतो, परंतु तो आठ-बारा आठवड्यांच्या नित्य सेवनास. व्यायामापूर्वीच्या एका मात्रेस नव्हे. शिवाय हे अभ्यास विशिष्ट प्रमाणित अर्कांचे आहेत, त्यांतील आकडे आपल्या मूळचूर्णास जसेच्या तसे लावता येत नाहीत. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृतविकाराचे रुग्णही जगभरात नोंदले गेले आहेत. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने पानांचा वापर टाळून मूळच वापरावे असे उत्पादकांस कळविले. खरेदी करताना अर्क मूळाचा आहे की पानांचा, हे प्रत्येक औषधालयाने पाहिलेच पाहिजे.

खेळाडू समोर असता

श्रमापूर्वी वा श्रमात उत्तेजक देण्याचा इतिहास जुना आहे. १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचा विजेता थॉमस हिक्स यास वाटेत अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्निन आणि सोबत ब्रँडी दिली होती. तो जेमतेम जिवंत राहिला. हेच स्ट्रिक्निन आपल्या कुपीलूत असते, आणि आज ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध सूचीत आहे. म्हणजे स्पर्धेस निघालेल्या मल्लास मंदाग्नीसाठी अग्नितुंडी वटी देणारा वैद्य नकळत त्याची कारकीर्द पणास लावतो.

सोमलतेचे तसेच. तमकश्वासात उपयुक्त असलेल्या या वनस्पतीत एफेड्रीन असते. मूत्रात ते दर मि.लि. १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास स्पर्धाकाळात खेळाडू दोषी ठरतो. याच कुळातील चिनी वनस्पतीचे अर्क अमेरिकेत व्यायामपूर्व गोळ्यांत सर्रास विकले जात. २००३ मध्ये एका तरुण बेसबॉलपटूचा उष्माघाताने मृत्यू झाला, त्यात या अर्काचा हात असल्याचे शवचिकित्सेत मानले गेले आणि २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली. नंतर त्यांची जागा मिथाइलहेक्झानअमाइनने घेतली. २०१० मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर, अनेक भारतीय खेळाडूंच्या चाचण्यांत तेच सापडले आणि त्यांत मल्लही होते. कमळबीजातील हिरव्या अंकुरात असणारे हायजेनामाइनही आता निषिद्ध आहे. 'वनस्पतिजन्य आहे' हा बचाव तेथे चालत नाही. शरीरात जे आढळले त्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते.

म्हणून तालुका पातळीवर का होईना, स्पर्धा खेळणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर तशी ठळक नोंद असावी. कुपीलू व सोमलतायुक्त कल्पांची यादी औषधालयात गल्ल्यापाशी लावून ठेवावी. ज्या डब्यावर घटकांची नावे आहेत पण प्रत्येकाचे प्रमाण नाही, केवळ 'विशेष मिश्रण' एवढेच लिहिले आहे, तो माल घाऊक विक्रेत्यास परत करावा. आणि उच्च रक्तदाब, हृद्रोग, हृत्स्पंदन, अनिद्रा वा गर्भावस्था असलेल्या व्यक्तीस कॅफीनयुक्त डबा विकू नये. ती व्यक्ती शेजारच्या दुकानातून तो घेईल हे ठाऊक असले तरीही.