सरकारी दवाखान्यात चूक कुठून शिरते?

३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओचा रविवार होता. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसी-कोपरी या गावी बूथ लागला होता. तिथे पाच वर्षांखालील बारा मुलांच्या तोंडात पोलिओच्या डोसाऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सगळी सुखरूप राहिली. डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि आशा अशा तिघांवर निलंबनाची कारवाई होणार, असे जिल्हा परिषदेने जाहीर केले.

बातमी वाचून बहुतेकांनी हेच म्हटले असेल, की काय हा निष्काळजीपणा! मी शिंदखेडा तालुक्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे. माझ्या मनात मात्र वेगळा प्रश्न आला. पिण्याचे औषध आणि हाताला लावायचे द्रव्य एकाच टेबलावर हाताशी आले कसे? करोनाच्या दिवसांत बूथवर सॅनिटायझर हवेच होते. पण ते लसीच्या टेबलावर न ठेवता दाराशी, वेगळ्या स्टुलावर ठेवावे, एवढा नियम असता तर दमलेल्या माणसाचा हातही चुकला नसता.

असाच प्रकार दूर सामोआ या बेटांच्या देशात फार महागात पडला. गोवराची लस पावडरीच्या रूपात असते. टोचण्यापूर्वी ती ठरावीक पाण्यात विरघळवावी लागते. जुलै २०१८ मध्ये तिथे या पाण्याऐवजी, भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरतात ते मुदत संपलेले औषध मिसळले गेले आणि दोन तान्ही बाळे दगावली. दोन परिचारिकांना तुरुंगवास झाला. सरकारने लसीकरण थांबवले, आयांचा विश्वास उडाला. पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली आणि जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ माणसे मेली. त्यांत बहुतेक लहान मुले होती. म्हणजे चुकीने दोन जीव घेतले आणि चुकीच्या भीतीने त्याहून कितीतरी अधिक. रुग्णाची सुरक्षितता हा केवळ मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळांचा विषय नाही, तो इथे कळतो.

आता आपल्याकडे पाहू. सपाटीच्या भागात तीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे सरकारी प्रमाण आहे. बाजाराच्या दिवशी केसपेपरसाठी सकाळपासून रांग लागते. पावसाळ्यात ताप, जुलाब, विंचू, साप सगळे एकदम येते. अशा गर्दीत चूक तीन वाटांनी शिरते.

पहिली वाट सारखेपणाची. एकाच आकाराच्या कुप्या, एकाच रंगाची वेष्टने, कानाला सारखी वाटणारी नावे. यावर उपाय स्वस्त आहे. सारखी दिसणारी औषधे शेजारी ठेवायची नाहीत. लसीच्या शीतपेटीत लस आणि तिचे पाणी यांशिवाय काहीही ठेवायचे नाही. कुपी उचलताना, औषध भरताना आणि कुपी बाजूला ठेवताना, असे तीन वेळा नाव वाचायचे, तेही मोठ्याने. काही सुधारणा तर वस्तूतच बसवलेल्या असतात. लसीकरणात वापरतात त्या सिरिंजचा दट्ट्या एकदा दाबला की अडकतो. ती पुन्हा वापरू म्हटले तरी वापरता येत नाही. लसीच्या कुपीवर एक गोल आणि त्यात छोटा चौकोन असतो. उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होतो. तो गोलाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. नर्सताई नवी असो की जुनी, दिवस गर्दीचा असो की रिकामा, अशी वस्तू आपले काम चोख करते.

दुसरी वाट मापाची. लहान मुलाला तापासाठी पॅरासिटामॉल देतात. त्याच्या थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरच्या चमच्यात १२५ मिलिग्रॅम. घरात थेंबांची बाटली असताना आईने 'एक चमचा' एवढेच ऐकले असेल, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाईल. सहा किलोच्या बाळाला एका वेळी सुमारे ९० मिलिग्रॅम पुरते. आई अडाणी म्हणून ही चूक होत नाही. शिकलेल्या घरातही ती होते, कारण नाव एकच आणि ताकद वेगळी. म्हणून बाळाचे वजन केसपेपरवर लिहिलेले हवे आणि 'चमचा' न म्हणता मापाच्या टोपणावर रेघ मारून दाखवायला हवी. डॉक्टरांनी औषधाचे नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये सांगितले, तेही याचसाठी.

सांगून झाल्यावर विचारायला हवे, "आजी, या गोळ्या घरी कशा घ्याल, मला सांगा बरं." आजी आपल्या अहिराणीत उत्तर देते आणि तेवढ्यात कळते, की सकाळची गोळी तिने रात्रीची धरली आहे. यात अर्धे मिनिट जाते.

तिसरी वाट हातबदलाची. आमच्याकडचा अत्यवस्थ रुग्ण उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून शिंदखेडा किंवा दोंडाईचाला आणि शेवटी धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात जातो. प्रत्येक ठिकाणी नवा माणूस. समजा, गरोदर बाईला रक्तदाब वाढून झटके आले. पुढे पाठवण्यापूर्वी तिला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देतात. दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम. हे इंजेक्शन जीव वाचवते, पण प्रमाणाबाहेर गेले तर श्वास मंदावतो. चिठ्ठीवर डोस आणि वेळ लिहिली नसेल, तर धुळ्याच्या डॉक्टरने काय करावे? पुन्हा दिले तर धोका, न दिले तर धोका. चिठ्ठीवरची एक ओळ इथे औषधाइतकीच मोलाची असते.

शिक्षेचेही थोडे बोलायला हवे. जाणूनबुजून हलगर्जी करणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात वाद नाही. पण प्रत्येक चुकीला नोटीस मिळू लागली, की माणसे चुका दडवू लागतात. मग चुकीची कुपी उचलली आणि वेळेवर ध्यानात आले, ही गोष्ट नर्सताई कोणालाच सांगत नाही, आणि तीच कुपी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या केंद्रात उचलली जाते. लसीनंतर गंभीर त्रास झाला तर चोवीस तासांत कळवायचे आणि जिल्हा समितीने कारण शोधायचे, अशी पद्धत आहे. साध्या गोळ्या-इंजेक्शनांसाठीही दर महिन्याच्या सभेत 'या महिन्यात काय चुकता चुकता राहिले' हे विचारले जावे. सांगणाऱ्याचे कौतुक व्हावे.

आणि आपण काय करावे? जुने कागद आणि चालू औषधे पिशवीत घालून न्यावीत. गरोदर बाईने माता-बाल संरक्षण कार्ड सोडू नये. एखाद्या औषधाने पूर्वी अंगावर गांध्या उठल्या असतील तर ते आधी सांगावे. लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे. नाव काय, कशासाठी, किती आणि किती दिवस, हे चार प्रश्न विचारावेत. डॉक्टर रागावतील म्हणून पुष्कळ लोक विचारत नाहीत. पण रांगेतल्या शंभराव्या रुग्णाने विचारलेला प्रश्न दमलेल्या डॉक्टरलाही कागदाकडे पुन्हा एकदा पाहायला लावतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)