घर विकताना मुलांचा विचार

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक कुटुंबे नोकरी, उच्च शिक्षण वा औषधोपचार यांकरिता पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांकडे स्थलांतर करीत असतात. जाताना राहते घर विकण्याचा प्रश्न उभा राहतो. किंमत, गिऱ्हाईक, कागदपत्रे, दलाली यांत आईवडील गुंतून जातात. मुले ओसरीवर बसून सारे ऐकत असतात. परंतु त्यांना विश्वासात घेऊन कोणी काही सांगत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही घरविक्रीचा विचार या मुलांच्या बाजूने मांडू इच्छितो. मूल या व्यवहारात केवळ प्रेक्षक नसते. मनाने ते त्या घराशी बांधलेले असतेच, आणि कित्येकदा कायद्यानेही ते त्या घराचे हिस्सेदार असते.

कागद आधी, गिऱ्हाईक नंतर

घरातील ताण मुलांपर्यंत पोहोचतो तो बहुधा रखडलेल्या व्यवहारामुळे. इसार घेतला जातो, सामान बांधण्यास प्रारंभ होतो आणि मग ध्यानात येते की उताऱ्यावर अद्याप आजोबांचेच नाव आहे. वारस नोंदीसाठी खेटे सुरू होतात, भाऊबंदांत कुरबुर होते. ‘जायचे की नाही’ या टांगणीवर मुले महिनोन्महिने राहतात. म्हणून घर विक्रीस काढण्यापूर्वीच कागद तपासून घ्यावेत. बुलढाणा, खामगाव, मलकापूर यांसारख्या शहरांत भूमी अभिलेख कार्यालयातील मिळकत पत्रिका पाहावी. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा. परंतु तो मुख्यतः कर आकारणीचा उतारा आहे, हे विसरू नये. दिनांक २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. आपल्या गावची पत्रिका तयार झाली असल्यास तिच्यावरील नावे व क्षेत्र पडताळून घ्यावे. घरावर बँकेचा वा पतसंस्थेचा बोजा असल्यास तो कमी करून घ्यावा. सहहिस्सेदार असल्यास त्यांची संमती, किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र, आधीच घ्यावे.

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रुपये रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. म्हणून इसाराची रक्कमही बँकेमार्फतच घ्यावी आणि घराचा ताबा कोणत्या तारखेस द्यावयाचा हे साठेखतात स्पष्ट लिहावे. खरेदीखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते दुय्यम निबंधकांकडे नोंदणीसाठी दाखल करावे लागते. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीच्या असलेल्या घराच्या विक्रीतून झालेला नफा दोन वर्षांत दुसरे घर घेण्यात, अथवा तीन वर्षांत बांधण्यात गुंतविल्यास आयकरात सवलत मिळू शकते. तिच्या अटी कर सल्लागाराकडून समजून घ्याव्यात.

मुलाचा हिस्सा

आता एका गंभीर बाबीकडे वळू. समजा, वडिलांचे निधन झाले, मृत्युपत्र केलेले नाही आणि घर त्यांनी स्वतः कमावलेले होते. अशा घराची मालकी केवळ विधवा पत्नीकडे जात नाही. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार अशा वेळी पत्नीस एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश हिस्सा मिळतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुले आणि मयताची आई यांना समान हिस्से मिळतात. म्हणजेच शाळेत जाणारे लेकरू घराचे मालक झालेले असते.

अठरा वर्षांखालील मुलाचा असा हिस्सा आईलाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. हिंदू कुटुंबांसाठी १९५६ च्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. इतरांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये जिल्हा न्यायालयाकडे जावे लागते. विक्री मुलाच्या गरजेसाठी वा स्पष्ट हितासाठी आहे काय, हे न्यायालय पाहते. मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याची अटही ते घालू शकते. परवानगी न घेता केलेली विक्री हिंदू मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन रद्द करून घेऊ शकते. तेव्हा सावध गिऱ्हाईक अशी परवानगी मागणारच. या कामास वेळ लागतो. म्हणून वकिलाची भेट ही पहिली पायरी असावी. विधवा भगिनींवर लवकर विकण्याचा दबाव नातेवाईकांकडून येतो, तेव्हा हा कायदा त्यांच्या लेकरांचे कवच ठरतो.

शाळेचे वेळापत्रक पाहून तारीख ठरवावी

घर केव्हा सोडावयाचे, हे शक्यतो मुलांच्या शाळेवरून ठरवावे. वार्षिक परीक्षेनंतरची सुट्टी हा उत्तम काळ होय. येथे एक स्थानिक बाब लक्षात ठेवावी. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ साली राज्यात इतरत्र शाळा १६ जूनला, तर विदर्भात २३ जूनला सुरू झाल्या. पुण्यास जाणाऱ्या कुटुंबाने बुलढाण्याचा हिशेब धरला, तर मुलाचा नव्या शाळेतील पहिला आठवडा बुडतो. आणि मैत्री जुळते ती याच आठवड्यात. दहावी व बारावीच्या वर्षात मात्र स्थलांतर टाळावे. आपला जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो; मध्येच दुसऱ्या मंडळाच्या कक्षेत जाणे मुलास जड जाते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावाचून काही पालक अडून बसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की, मुख्याध्यापकांनी हा दाखला तत्काळ द्यावा, आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून नव्या शासकीय वा अनुदानित शाळेने प्राथमिक शिक्षण घेणाऱ्या मुलास प्रवेश नाकारू नये. पालकांनी हे माहीत करून घ्यावे.

मुलांना केव्हा व कसे सांगावे

निर्णय पक्का झाल्यावर, परंतु पहिले गिऱ्हाईक घर पाहावयास येण्यापूर्वी, मुलांना सांगावे असे आम्हांस वाटते. फार आधी सांगितले तर अनिश्चितता वाढते. उशिरा सांगितले तर शेजाऱ्यांच्या तोंडून कळते आणि आईवडिलांवरचा विश्वास उणावतो. कारण खरे सांगावे. कर्जामुळे घर विकावे लागत असेल, तर तेही मुलांना समजेल अशा शब्दांत सांगावे. आकडे सांगण्याची गरज नाही. पण ‘यात तुमची काही चूक नाही’ हे वाक्य आवर्जून उच्चारावे. लहान मुले घरातील भांडणाचा आणि संकटाचा दोष मनोमन स्वतःकडे घेतात.

घर विकावे की नाही, हा प्रश्न मुलांना विचारू नये. ते ओझे त्यांचे नाही. मात्र त्यांच्या हाती लहान निर्णय द्यावेत. कोणती पुस्तके न्यावयाची, तुळशीचे वा मोगऱ्याचे रोप कोणाकडे द्यावयाचे, हे त्यांना ठरवू द्यावे. गिऱ्हाईक येण्याच्या वेळा शाळेच्या वेळेत ठेवाव्यात. परके लोक आपल्या कोनाड्यात डोकावतात, भिंतीला नावे ठेवतात, हे मुलांच्या जिव्हारी लागते. किमतीची घासाघीसही त्यांच्यासमोर करू नये.

मुलांचे सामान सर्वांत शेवटी बांधावे आणि नव्या घरी सर्वांत आधी सोडावे. निघण्यापूर्वी त्यांना घरभर एकदा फिरू द्यावे. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा केलेल्या असतील, तर त्यांचे छायाचित्र काढून घ्यावे. मूल रडले तर ‘त्यात रडण्यासारखे काय’ असे म्हणू नये. वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावले, तरी ते लपविण्याचे कारण नाही.

ज्यांना निवडच नसते

आतापर्यंत आम्ही स्वेच्छेने घर विकणाऱ्यांविषयी लिहिले. आपल्याच जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यातील पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पामुळे, अनेक गावांतील कुटुंबांना घर सोडण्यावाचून पर्याय राहिलेला नाही. त्यांच्या बाबतीत तारीख शासन ठरविते. तथापि २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्यानुसार सिंचन प्रकल्पात जमीन बुडण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण व्हावयास हवे. नव्या गावठाणात कोणत्या सोयी असाव्यात, याची यादीही कायद्यात आहे. तिच्यात रस्ते व पाणी यांसह शाळा, अंगणवाडी आणि मुलांसाठी क्रीडांगण यांचाही समावेश आहे. ज्यांना हा कायदा लागू होतो, त्यांनी मोबदल्याइतक्याच आग्रहाने या सोयींची मागणी करावी. पैसा मोठ्यांच्या हाती येतो. शाळा आणि मैदान हा मुलांचा मोबदला आहे.

शेवटी इतकेच सांगावेसे वाटते की, घर विकले गेल्याचे दुःख मुले कालांतराने पचवितात. आपल्याला न सांगता, न विचारता, फसवून आणले गेले ही भावना मात्र दीर्घकाळ सलत राहते. कागद चोख ठेवावेत, मुलाचा हिस्सा सुरक्षित ठेवावा, शाळेची तारीख सांभाळावी आणि त्याच्याशी खरे बोलावे. एवढे केले म्हणजे जुन्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना आईवडिलांचे मनही निश्चिंत राहील.