हॉकीतील लहान चणीचे खेळाडू

समवयस्कांच्या तुलनेत उंचीने, वजनाने किंवा दोन्हींनी कमी असलेल्या हॉकीपटूंना सामान्यतः लहान चणीचे खेळाडू म्हटले जाते. कुमार गटांतील निवडीच्या वेळी अशा मुलामुलींना वरच्या पातळीवर संधी मिळावी की नाही, हा प्रश्न प्रशिक्षक, पालक आणि क्रीडाशास्त्राचे अभ्यासक यांच्यात सातत्याने चर्चिला जातो. कुस्ती, मुष्टियुद्ध, भारोत्तोलन या खेळांत वजनगट असतात. त्यामुळे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलोच्या बँटमवेट गटात आपल्याच वजनाच्या मल्लांशी लढून कांस्यपदक मिळवू शकले. हॉकीत असे गट नाहीत. लहान चणीच्या खेळाडूला मोठ्या चणीच्या खेळाडूंबरोबर एकाच मैदानावर खेळावे लागते.

मैदानी हॉकीच्या इतिहासात लहान किंवा सडपातळ चणीचे अनेक खेळाडू सर्वोच्च पातळीवर यशस्वी झाले आहेत. मात्र त्यांच्यासमोरील मुख्य अडथळा खेळापेक्षा निवडप्रक्रियेत आढळतो. बारा-तेराव्या वर्षी दिसणारी शरीरयष्टी ही प्रौढ वयातील शरीरयष्टीची किंवा कौशल्याची खात्रीशीर खूण नसते. तरीही पुढील प्रशिक्षणाची दारे बहुधा याच वयात उघडतात किंवा बंद होतात.

खेळाचे स्वरूप आणि शरीरयष्टी

मैदानी हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते. खेळाचा मोठा भाग जमिनीलगत चालतो. चेंडू अडवताना, वळवताना किंवा प्रतिस्पर्ध्याला चकवताना खेळाडूला गुडघ्यांत वाकून शरीर खाली ठेवावे लागते. बास्केटबॉल किंवा व्हॉलीबॉलमध्ये उंचीचा थेट लाभ मिळतो, तसा तो हॉकीत मिळत नाही. गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ असलेल्या खेळाडूला दिशा झटपट बदलणे आणि थांबून पुन्हा वेग घेणे तुलनेने सोपे जाते. शरीराने धक्का देणे किंवा प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे नियमबाह्य असल्यामुळे केवळ वजनाच्या बळावर चेंडू हिसकावता येत नाही.

नियमांतील आणि मैदानांतील बदलांचाही यावर परिणाम झाला. १९७६ च्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकपासून कृत्रिम पृष्ठभागाचा वापर सुरू झाला आणि खेळाचा वेग वाढला. ऑफसाइडचा नियम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रद्द झाला. हव्या तितक्या वेळा खेळाडू बदलण्याची मुभा मिळाल्याने थोड्या वेळासाठी पूर्ण ताकदीने धावणाऱ्या चपळ आघाडीपटूंना वाव मिळाला. दुसरीकडे, वेगवान खेळामुळे स्नायूंची ताकद आणि दमसास यांची गरज वाढली.

खेळाडूच्या जागेनुसार अपेक्षा बदलतात. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असल्यामुळे गोलरक्षकाला लांब हातापायांचा उघड फायदा होतो. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघांचा गोलरक्षक पी. आर. श्रीजेश हा सहा फुटांहून उंच खेळाडू आहे. पेनल्टी कॉर्नरवरील ड्रॅग फ्लिकमध्येही लांब पावले आणि धडाची ताकद उपयोगी पडते. याउलट आघाडीच्या फळीत आणि मध्यफळीत चेंडूवरील नियंत्रण, मोकळी जागा हेरणे आणि पहिल्या काही पावलांतील वेग हे गुण अधिक निर्णायक ठरतात.

वाढ, वय आणि निवड

पौगंडावस्थेतील उंचीवाढीचा सर्वाधिक वेग मुलींमध्ये सरासरी बाराव्या वर्षाच्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास येतो. ही केवळ सरासरी असून प्रत्येक मुलाचे वेळापत्रक वेगळे असते. एकाच वर्गातील दोन तेरा वर्षांच्या मुलांच्या जैविक वयात, म्हणजे हाडांच्या आणि स्नायूंच्या परिपक्वतेत, दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. लवकर वाढलेला मुलगा त्या वर्षी अधिक वेगवान आणि ताकदवान दिसतो. उशिरा वाढणारा मुलगा काही वर्षांनी त्याला गाठतो. म्हणून ‘लहान चण’ या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात: उशिरा होणारी वाढ आणि प्रौढपणीही कमी राहणारी उंची.

या दोन गोष्टींत फरक करण्यासाठी काही ढोबळ पद्धती वापरल्या जातात. आईवडिलांच्या सेंटिमीटरमधील उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात १३ मिळवतात, मुलीसाठी १३ वजा करतात आणि येणाऱ्या संख्येला दोनने भागतात. यातून अपेक्षित उंचीचा अंदाज मिळतो, पण प्रत्यक्ष उंची त्याहून बरीच कमी-अधिक असू शकते. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवता येते. भारतीय मुलांच्या वाढीची तुलना करण्यासाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयोगटासाठी सुधारित वृद्धी-आलेख प्रसिद्ध केले. पुण्यातील बालरोगतज्ज्ञ वामन खाडिलकर यांचा ते तयार करण्यात प्रमुख सहभाग होता.

वयोगटाच्या सीमारेषेचाही परिणाम होतो. गटाची तारीख १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठे असूनही दोघे एकाच गटात खेळतात. या परिणामाला ‘सापेक्ष वय परिणाम’ म्हणतात. त्याचा प्रसिद्ध अभ्यास कॅनडातील बर्फावरील हॉकीवर झाला आणि रॉजर बार्न्सली व सहकाऱ्यांनी तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. २०१३ मधील एका अभ्यासात असे दिसले की, वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंची व्यावसायिक संघांकडून होणारी निवड त्यांच्या नंतरच्या कामगिरीच्या मानाने बरीच उशिरा झाली होती. खोटे वय दाखवून खालच्या गटात खेळणाऱ्या मुलांमुळे खरोखर लहान असलेल्यांची अडचण आणखी वाढते.

काही देशांत यावर उपाय म्हणून सरावाच्या किंवा स्पर्धेच्या काही भागासाठी मुलांचे गट जन्मतारखेऐवजी जैविक परिपक्वतेनुसार पाडले जातात. त्यामुळे लवकर वाढलेल्या मुलांना केवळ ताकदीवर विसंबता येत नाही आणि उशिरा वाढणाऱ्यांना आपले कौशल्य दाखवता येते.

महाराष्ट्रातील निवडपद्धती

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या टप्प्यांनी होतात. राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनी योजनेत लहान वयातील मुलांची निवड शारीरिक चाचण्यांवरून केली जाते. उंची व वजनाच्या नोंदीबरोबर ३० मीटर धावणे, जागेवरून उडी, मेडिसीन बॉल फेकणे, ६ × १० मीटर शटल रन आणि ८०० मीटर धावणे अशा चाचण्यांचा त्यात समावेश असतो. अशा चाचण्या एकाच दिवशी शेकडो मुलांना समान मोजपट्टी लावतात, हा त्यांचा गुण आहे. मात्र फेक, उडी आणि छोट्या अंतराची धाव यांत लवकर वाढलेल्या मुलांना स्वाभाविक आघाडी मिळते. स्टिकवरील हुकूमत आणि खेळाची समज या चाचण्यांत मोजली जात नाही.

खडकी आणि लोणावळा मार्ग

पुणे जिल्ह्यात हॉकीची सर्वांत जुनी परंपरा खडकी या लष्करी छावणीच्या परिसरात आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील सुवर्णपदकविजेत्या भारतीय संघातील बाबू निमल हे खडकीचे होते. खडकी हे पुणे–लोणावळा उपनगरी रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव ही मावळ तालुक्यातील स्थानके याच मार्गावर येतात. मावळात ग्रामदैवतांच्या यात्रांत कुस्तीचे फड भरतात आणि कबड्डीही गावोगावी खेळली जाते. हॉकीची मोठी कृत्रिम मैदाने मात्र तालुक्याबाहेर, पिंपरीतील नेहरूनगर आणि पुण्यातील बालेवाडी येथे आहेत. नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानावर डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यामुळे मावळातील मुलाच्या बाबतीत शरीरयष्टीबरोबरच प्रवासाचा वेळ, खर्च आणि आहार हेही निवडीचे छुपे निकष ठरतात. लोणावळ्याहून सरावासाठी ये-जा करणाऱ्या मुलाचे रोज दोन तासांहून अधिक प्रवासात जातात. वाढीच्या वयात हा वेळ झोपेतून आणि जेवणाच्या वेळांतून वजा होतो.

या परिसरातील सर्वांत ठळक उदाहरण धनराज पिल्ले यांचे आहे. त्यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी खडकी येथे झाला. वडील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करत. धनराज भावांबरोबर मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळायला शिकले. वाराणसीचे मोहम्मद शाहिद हे त्यांचे आदर्श होते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघाचे सदस्य असलेले शाहिद ताकदीपेक्षा चेंडू खेळवत नेण्याच्या कौशल्यासाठी ओळखले जात. सडपातळ बांध्याच्या धनराज यांचाही खेळ वेगावर आणि चेंडूवरील नियंत्रणावर उभा होता. थोरले बंधू रमेश मुंबईत खेळत असल्याने ते १९८० च्या दशकात मुंबईला गेले. पुढे महिंद्र अँड महिंद्र संघात त्यांना जोआकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले.

१९८९ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. त्यानंतर चार ऑलिंपिक (१९९२, १९९६, २०००, २००४), चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडा स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स करंडक स्पर्धा ते खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत आणि २००३ च्या आशिया चषकात सुवर्णपदक जिंकले. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया, बांगलादेश आणि हाँगकाँग येथील क्लबांकडूनही ते खेळले. खडकीचेच विक्रम पिल्ले २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांचे संघसहकारी होते.

इतर उदाहरणे

हरियाणातील शाहाबाद येथील राणी रामपाल हिला अकादमीत सुरुवातीला प्रवेश नाकारण्यात आला होता. शरीर कुपोषित असून सरावाचा ताण झेपणार नाही, असे त्यामागचे कारण असल्याचे तिने नंतर मुलाखतींत सांगितले आहे. मोडकी स्टिक घेऊन ती सराव करत राहिली आणि प्रशिक्षक बलदेव सिंग यांनी तिला शिष्या म्हणून स्वीकारले. चौदाव्या वर्षी ती भारतीय संघात आली. तिच्या नेतृत्वाखाली महिला संघ टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा आला. २०२० मध्ये तिला खेलरत्न पुरस्कार मिळाला. ऑस्ट्रेलियाचा बेताच्या उंचीचा आघाडीपटू जेमी ड्वायर पाच वेळा जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

शरीराची टक्कर नियमात बसणाऱ्या बर्फावरील हॉकीत उंची आणि वजनाला अधिक महत्त्व दिले जाते. तेथेही सुमारे पाच फूट आठ इंच उंचीच्या मार्टिन सेंट लुई याची उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या वार्षिक निवडीत कोणत्याही संघाने निवड केली नव्हती. पुढे २००४ मध्ये तो लीगचा सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला आणि २०१८ मध्ये त्याचा हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

व्यावसायिक संधी

भारतीय हॉकीत व्यावसायिक यशाचा अर्थ दीर्घकाळ खेळाडू कोट्यातील नोकरी असा राहिला आहे. रेल्वे, सेनादले, पोलीस, एअर इंडिया आणि तेल कंपन्या यांचे संघ हा खेळाडूंचा मुख्य आधार होता. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. लिलावावर आधारित हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ या काळात चालली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि त्याच हंगामात महिलांच्या लीगचीही भर पडली. या सर्व मार्गांसाठी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरील कामगिरी लागते. त्यामुळे कुमार वयात वगळला गेलेला खेळाडू पुढे उंचीने वाढला, तरी त्याच्याकडे दाखवण्यासारखी स्पर्धांची नोंद नसते.

मर्यादा आणि आक्षेप

यशस्वी लहान चणीच्या खेळाडूंची उदाहरणे देताना एक सावधगिरी आवश्यक असते. जे टिकले तेच लक्षात राहतात आणि वाटेत थांबलेल्यांची नोंद होत नाही. त्यामुळे अशा उदाहरणांवरून ‘हे शक्य आहे’ एवढे सिद्ध होते. ते किती शक्य आहे, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय लहान चण हा स्वतः गुण नाही. मोठ्या शरीराच्या मुलांत टिकण्यासाठी अशा खेळाडूला कौशल्य आणि निर्णयक्षमता लवकर कमवावी लागते, आणि पुढे वाढ झाल्यावर हीच शिदोरी त्याच्या उपयोगी पडते, असे काही अभ्यासक मानतात. मात्र तोपर्यंत तो संघात राहिला, तरच हा लाभ मिळतो.

आरोग्याच्या दृष्टीने वाढ मंदावली असल्यास कुपोषण, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार यांसारखी कारणे तपासण्यासाठी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला जातो. उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या भुकट्यांना शास्त्रीय आधार नाही. वृद्धी संप्रेरक हे स्पर्धात्मक खेळांत प्रतिबंधित द्रव्य आहे. योग्य देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते, हा समज चुकीचा आहे. वेगाने उंची वाढण्याच्या काळात गुडघ्याची आणि टाचेची दुखणी बळावतात. त्यामुळे या काळात सरावाचा ताण कमी ठेवणे आणि खेळाडूच्या उंचीला साजेशी स्टिक वापरणे हितावह मानले जाते.