आधी ग्रुपिंग, मग झिरोइंग : जुन्या टर्नटेबलचं पिच कसं जुळवायचं

सुईच्या वजनावरचा भाग झाल्यापासून सगळ्यात जास्त विचारणा झाली ती पिच कंट्रोलची. बडोद्याच्या एका तरुणाने लिहिलं होतं, की लग्नसमारंभांत डीजेचं काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने दोन जुनी टेक्निक्स मशिनं घेतली. विकणाऱ्याने स्लायडर मध्यावर ठेवला, प्लॅटरच्या कडेचे ठिपके स्थिर दिसतात हे दाखवलं आणि "कॅलिब्रेशन एकदम ओके" म्हणून पैसे मोजून घेतले. घरी दोन गाणी जुळवली की अर्ध्या मिनिटात एक पुढे पळतं. दुरुस्तीवाला म्हणतो, मोटर बदला. त्या खर्चात तिसरं मशिन यायला थोडेच कमी पडतील. बदलू का?

मी कळवलं, मोटरला हात लावू नकोस. का, ते सांगतो.

हे मशिन म्हणजे एसएल-१२०० एमके२. जपानच्या मात्सुशिता कंपनीने पहिलं एसएल-१२०० १९७२ साली काढलं आणि एमके२ १९७९ मध्ये. यात पट्टा नाही, गिअर नाही. प्लॅटरच्या पोटाशी गोल चुंबक आहे आणि खाली चॅसीवर कॉइल्स. थोडक्यात प्लॅटर हाच मोटरचा फिरणारा भाग. झिजायला दांडा आणि बेअरिंग सोडलं तर फारसं काही नाही, म्हणून चाळीस वर्षांची मशिनं अजून नाइट क्लबमध्ये रोज राबताना दिसतात. अशी मोटर आपण होऊन पाच टक्के चुकीची फिरत नाही. तिला जेवढं फिरायला सांगितलं जातं तेवढीच ती फिरते. चूक असते ती सांगणाऱ्याची.

सांगणारे दोन आहेत. स्लायडर मधल्या खाचेत टक्कन बसला आणि हिरवा दिवा लागला, की वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या ताब्यात जातो. तिथे स्लायडरला काही मत नसतं. खाचेतून हलवला की मग स्लायडरचा हुकूम चालतो, उणे आठ टक्क्यांपासून अधिक आठपर्यंत. म्हणजे शून्यावर ठिपके स्थिर दाखवणं हे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून गिअरबॉक्स उत्तम आहे असं सांगण्यासारखं आहे. जुनं मशिन घेताना शून्यावर बघाच, कारण तिथेही बिघडलेलं असेल तर सरळ घरी यावं. पण किंमत ठरवायची ती शून्याबाहेर बघून.

आठ टक्के म्हणजे किती, याचा अंदाज आपल्या लोकांना पेटीवरून चटकन येईल. वेग सहा टक्के वाढवला की सूर जवळजवळ बरोबर एक पट्टी चढतो. काळी एकमधला गायक पांढरी दोनमध्ये गायला लागतो. आणि लयीचं म्हणाल तर १२० ठोक्यांच्या गाण्यात अर्ध्या टक्क्याची चूक असली, तरी मिनिटभरात ०.६ ठोक्याचा फरक पडतो. दोन गाण्यांचे ढोल एकमेकांच्या मधोमध वाजू लागतात.

आता कामाचं. रायफलचं झिरोइंग शिकवताना उस्ताद पहिली ताकीद देतो, की साइटला हात लावायचा नाही. आधी एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या झाड. त्या एका मुठीत बसल्या, भले उजवीकडे बसल्या, तर साइट सरकवून काम होईल. पण विखुरल्या असतील तर साइट हलवून काय होणार? दोष पकडीत किंवा श्वासात आहे. पिच कंट्रोललाही हाच नियम. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देणारा स्लायडर आधी, त्याचं जुळवणं नंतर.

ग्रुपिंग तपासायला यंत्र लागत नाही. प्लॅटरच्या कडेवर कागदाची चिकटपट्टी लावा, मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि १०० फेऱ्या मोजा. ३३⅓ च्या वेगाला बरोबर १८० सेकंद लागले पाहिजेत. अधिक सहावर १६९.८, उणे ३.३ वर १८६.१. बोट पाव सेकंद चुकलं तरी एवढ्या लांब मोजणीत ती चूक दीड दशांश टक्क्याच्या आत राहते. स्लायडर +६ च्या रेघेवर आणा (आपल्याकडे ओढला की अधिक), मोजा, दूर न्या, कधी वरून तर कधी खालून परत आणा, पुन्हा मोजा. असं पाच वेळा. कंटाळवाणं आहे, पण पंधरा मिनिटांत मशिनचा स्वभाव कळतो.

कडेच्या ठिपक्यांच्या चार ओळी याच कामासाठी आहेत. मोठ्या ठिपक्यांची ओळ शून्याची, बाकीच्या +६, +३.३ आणि -३.३ च्या. त्यांच्यावर पडणारा लाल प्रकाश क्वार्ट्झच्या तालावर लुकलुकतो, त्यामुळे घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी हलली तरी फिकीर नाही. कागदी स्ट्रोब चकती ट्यूबलाइटखाली बघणाऱ्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं, की ५० हर्ट्झमध्ये ०.१ चा फरक म्हणजे वाचनात ०.२ टक्क्यांचा फरक. ३१५० हर्ट्झची टेस्ट रेकॉर्ड असेल तर +६ वर ३३३९ हर्ट्झ यावेत. तबकडीचं भोक जरा बाजूला असलं तर आकडा दर फेरीत डुलतो, तेव्हा सरासरी धरा.

बडोद्याच्या पहिल्या मशिनची +६ वरची वाचनं १६८.२ पासून १७१.९ पर्यंत पसरलेली निघाली. विखुरलेल्या गोळ्या. स्लायडरच्या फटीतून वर्षानुवर्षं धूळ, सिगारेटची राख, सांडलेलं पेय आत जातं आणि कार्बनच्या पट्टीवर बसतं. उपाय म्हणजे प्लॅस्टिकला चालणारा काँटॅक्ट क्लीनर. प्लग काढून थोडासा मारायचा, स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसचाळीस वेळा फिरवायचा, पूर्ण वाळू द्यायचं. गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. दोन दिवस बरं वाटतं आणि मग त्याच तेलात धूळ रुतते. साफ करूनही आकडे उड्या मारत असतील तर स्लायडर बदलावा, मोटर नव्हे.

दुसऱ्या मशिनची पाचही वाचनं १७१.४ च्या आसपास. मूठ घट्ट, फक्त नेम सरकलेला: रेघ +६ ची, वेग +५ चा. हे झिरोइंगचं काम. प्लॅटर उचलून खालचं झाकण काढलं की मुख्य बोर्डावर छोटे प्रीसेट दिसतात. त्यांतला एक पिचचा आणि दुसरा ब्रेकचा. कुठला कोणता, हे आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवा. भलताच फिरवलात तर पिच तसंच राहील आणि स्टॉप दाबल्यावर प्लॅटर वेळेवर थांबणार नाही. दोन्हींच्या मूळ जागी मार्कर पेनने खूण करा. प्लग काढा, केसभर फिरवा, प्लॅटर बसवा, मग चालू करून ठिपके बघा. प्लॅटर उलटा ठेवताना आजूबाजूला लोखंडाचा कीस नको, चुंबक सगळं ओढून घेतो. +६ जुळलं की -३.३ बघा. एक टोक जुळतं आणि दुसरं हट्ट धरतं, अशी अवस्था असेल तर प्रीसेटशी झटापट थांबवा. बहुधा पट्टीच असमान झिजलेली असते.

कोणी म्हणेल, डीजे कानाने जुळवतो, त्याला रेघेशी काय करायचंय? खरं आहे. त्याच्यासाठी ग्रुपिंग जास्त मोलाचं. स्लायडर सोडला तिथेच वेग राहिला पाहिजे आणि दोन मशिनं सारखी वागली पाहिजेत. घरातल्या जुन्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्यांनी स्लायडरच्या वाटेला न जाता शून्याच्या खाचेत क्वार्ट्झवर चालवावं.

पट्ट्यावर चालणाऱ्या मशिनांना यातलं फारसं लागू नाही. तिथे पट्टा सैल असेल तर आधी तो बदला.

एक शेवटचं, पण प्लग लावण्याआधीचं. जपानच्या देशी बाजारातून आलेली मशिनं १०० व्होल्टची असतात. मागची पट्टी वाचा, आणि १०० लिहिलेलं असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० च्या सॉकेटला लावू नका.