देवस्थानच्या वहीतले पूर्वज

गोव्यातल्या लाटंबार्से किंवा डिचोली-पेडण्यातल्या दुसऱ्या एखाद्या गावच्या घराण्याचा माग काढताना देवस्थानची महाजन-यादी हाताशी असावी. १८८६ च्या आणि पुढे १९३३ च्या पोर्तुगीज देवस्थान नियमावलीने देवळांचा कारभार महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, संस्थेकडे राहिला आणि सभासदांची नोंद कायद्यात बसली. महाजनकी वंशपरंपरेने चालते. त्यामुळे ही नुसती नामावली उरत नाही, बापलेकांची साखळी त्यातून जुळवता येते. इंग्लंडच्या फ्रीमेसन लॉजच्या वह्यांत नाव, व्यवसाय, गाव मिळते, पण सभासदत्व जन्माने येत नसल्याने पिढ्या जुळत नाहीत. त्या मानाने आपली वही सरस.

दुसरे साधन कोमुनिदादचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे, दप्तर. त्यात गावकार वांगडांनुसार, म्हणजे कुळांच्या गटांनुसार, येतात. ‘गावकर’ आडनावाची घरे एकाच गावात अनेक असली, तर वांगडच उपयोगी पडतो.

दोन्ही दप्तरे पुरुषांच्या वंशाचीच. आज्या-पणज्यांसाठी १९१४ पासूनची नागरी नोंदणी पाहावी. त्याहून फार मागे जायचे तर पोर्तुगीज कागद संपतात आणि मोडी लिपीतले सुरू होतात, कारण डिचोली १७८१ पर्यंत व पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते.