पावसाळी बेळगावात सोलर परवडतं का?

२०२५ च्या जुलैत आमच्या विहीणबाई धारवाडहून नातीला भेटायला आल्या होत्या. तरणा पाऊस लागला होता. बेळगावचा तरणा म्हणजे काय हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आठ दिवस सूर्याचं दर्शन नव्हतं, कपडे घरातच पंख्याखाली वाळत होते आणि पापडाच्या डब्याला वास यायला लागला होता. चहा घेता घेता विहीणबाईंनी गच्चीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "अक्का, बिसिल एल्लैत्री? एवढे पैसे घालून ते वर कशाला बसवलंत?"

मी उठले आणि फ्रीजवर ठेवलेली वही आणून त्यांच्यापुढे ठेवली. गच्चीवर पॅनेल बसले त्या दिवसापासून, डिसेंबर २०२४ पासून, रोज दिवेलागणीला मी त्यात आकडा लिहिते. त्या दिवशीचा आकडा होता दोन युनिट. विहीणबाई हसल्या. मीही हसले. मग मार्चचं पान काढून दाखवलं. तिथं रोजचे नऊ-नऊ युनिट होते.

विहीणबाईंनी विचारलेला प्रश्न वर्षभर आमच्याही घरात चालू होता. ह्यांच्या निवृत्तीच्या पैशातली एक मुदत ठेव सुटणार होती. मुलाचं म्हणणं, त्यातून सोलर बसवू. ह्यांचं म्हणणं, ठेव पुन्हा ठेवली तर मुद्दल तरी हातात राहतं, पॅनेलचं पंचवीस वर्षांनी भंगार होणार. आणि माझं म्हणणं विहीणबाईंचंच होतं: जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन असतं कुठं?

माझी भीती कुठून आली होती ते मला उशिरा कळलं. आमच्याकडे 'सोलर' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पाणी तापवायचा सोलर. गेली पंधरा वर्षं तो गच्चीवर आहे, आणि जुलैत नळाला हात लावला की पाणी गार. त्यावरून मी ठरवून टाकलं होतं की विजेचं पॅनेलही पावसाळ्यात असंच रुसून बसणार. पण दोन्हींचं काम वेगळं. पाण्याच्या सोलरला उष्णता लागते. विजेच्या पॅनेलला उजेड लागतो. ढगातून गाळून आलेला उजेडही त्याला चालतो, फक्त वीज कमी होते. उलट पॅनेल तापलेलं त्याला सोसत नाही. पॅनेलचं तापमान पंचवीस अंशांच्या वर गेलं की दर अंशाला तीन-चार दशांश टक्के वीज घटते. म्हणून पाऊस उघडून थंड वारा सुटलेला असताना लख्ख ऊन पडलं की यंत्रावरचा आकडा कसा उडी मारतो ते पाहण्यासारखं असतं. मुलानं तेव्हा जर्मनीचं उदाहरण दिलं होतं. तिथं आपल्यापेक्षा कितीतरी कमी ऊन, तरी एका किलोवॅटमागे वर्षाला हजाराच्या आसपास युनिट निघतात आणि लाखो घरांवर पॅनेल आहेत. मी म्हटलं, जर्मनीत म्हातारा पाऊस पडत नाही. पण उदाहरण डोक्यात राहिलं.

आता वहीतला २०२५ सालचा जमाखर्च. आमच्याकडे दोन किलोवॅटचे, म्हणजे चार पॅनेल आहेत. जानेवारीत २४५ युनिट झाले, फेब्रुवारीत २५०, मार्चमध्ये २८०, एप्रिलमध्ये २६५. त्या वर्षी पावसानं मे महिन्यातच गाठलं, २४ मे रोजी मान्सून केरळात आला आणि आपल्याकडेही मे ओलाच गेला. त्यामुळे मे २१५ वर थांबला. जून १३५, जुलै ११०, ऑगस्ट १३०. सप्टेंबरात पुन्हा १७५, ऑक्टोबरात २१५, नोव्हेंबरात २२५ आणि डिसेंबरात २३५. बेरीज २४८०.

जुलैकडे बघून निर्णय घेतला असता तर आम्ही कधीच बसवलं नसतं आणि मार्चकडे बघून घेतला असता तर चार महिने कपाळाला हात लावून बसलो असतो. म्हणून बारा महिने एकत्र धरायचे. आम्ही सगळे आकार धरून युनिटमागे साडेसहा रुपयांच्या आसपास देतो, त्या हिशेबानं वर्षाला सोळा हजारांची वीज वाचली. खर्च एक लाख पस्तीस हजार आला होता, त्यातले साठ हजार केंद्राच्या सूर्यघर योजनेतून परत मिळाले. म्हणजे आमच्या खिशातले पंचाहत्तर हजार. पाच वर्षांच्या आत ते भरून येतील. तेवढ्याच ठेवीवर सात टक्क्यांनी सव्वापाच हजार व्याज आलं असतं. ह्यांनी तरी एक मुद्दा सोडला नाही. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागू शकतो, तो खर्च धर. तो मी धरला आहे, तरी हिशेब आमच्या बाजूनंच राहतो. बिलातला स्थिर आकार मात्र सोलर बसवलं तरी दर महिन्याला भरावाच लागतो. 'बिल शून्य होणार' असं सांगणाऱ्याला हे आधी विचारा.

खरं सांगायचं तर आमचं गणित ढगांवर अडलंच नाही. ते अडलं परसातल्या फणसावर.

पहिले जे गृहस्थ गच्ची बघायला आले, त्यांनी पाच मिनिटांत तीन किलोवॅटचा कागद हातात ठेवला आणि जाता जाता म्हणाले, तेवढा फणस काढून टाका. तो फणस सासूबाईंनी लावलेला. पस्तीस वर्षांचा आहे, अजून वर्षाला वीस-पंचवीस फणस देतो, आणि विहीणबाईंकडे धारवाडला दरवर्षी त्यातले दोन जातात. घरात कुणी काही बोललं नाही, पण ह्यांनी तो कागद घडी घालून कपाटात ठेवून दिला. दोन महिने विषय बंद.

दुसरे आले ते तरुण मुलगे होते. ते सकाळी नऊला आले, दुपारी बाराला आले आणि पुन्हा चारला. दर वेळी खडूनं गच्चीवर सावलीची रेघ मारून गेले. दिवस नोव्हेंबर अखेरचे होते. ते म्हणाले, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावली सगळ्यांत लांब आत्ताच पडते. ओळीतल्या एका पॅनेलवर सावली पडली की बाकीच्यांचीही वीज मंदावू शकते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. ढग सगळ्या पॅनेलांवर सारखा येतो आणि निघून जातो, पण झाड, पाण्याची टाकी, शेजारचा मजला रोज ठरल्या वेळी आडवे येतात. खडूच्या रेघांबाहेर चार पॅनेलपुरती जागा उरत होती. आम्ही तीनचे दोन किलोवॅट केले. फणस उभा आहे. चारनंतर थोडी सावली येते, तेवढे युनिट त्याचे.

कागदपत्रांचंही सांगते, कारण त्यात आमचे दोन महिने गेले आणि चूक आमचीच होती. विजेचा मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर होता. अनुदान हवं तर जोडणी अर्जदाराच्या नावावर लागते. आधी नाव बदलून घेतलं, मग अर्ज. कन्नडमधले अर्ज सूनबाईंनी भरले, ह्यांनी फक्त सह्या केल्या. अनुदान एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ आणि तीन किंवा त्याहून जास्त असेल तर अठ्ठ्याहत्तर हजार असं आहे. पॅनेल भारतात बनवलेलेच लागतात. अनुदान काम झाल्यावर, हेस्कॉमचा मीटर बदलल्यावर खात्यात येतं, त्यामुळे आधी पूर्ण रकमेची सोय ठेवावी लागते.

हे सगळं विहीणबाईंना सांगत होते तेवढ्यात करंट गेला. "हचरी मत्त," त्या म्हणाल्या, "आता लावा तुमचं सोलर!" आणि मला कबूल करावं लागलं की तेही बंद पडलं आहे. ही गोष्ट मलाही बसवण्याआधी कुणी नीट सांगितली नव्हती. बॅटरी नसलेलं सोलर सरकारी लाइनला जोडलेलं असतं, आणि लाइन गेली की ते आपोआप थांबतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था आहे. ती योग्यच आहे, पण अंधारात बसल्यावर तिचं कौतुक वाटत नाही. आमचा जुना बॅटरीवरचा इन्व्हर्टर आम्ही काढला नव्हता, म्हणून दोन दिवे आणि नातीचा पंखा चालू राहिला.

खानापूरच्या पश्चिमेकडच्या वाचकांनी इथं जास्त विचार करावा. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊसही आमच्याहून कितीतरी जास्त आणि झाड पडून करंट गेला तर दोन-दोन दिवस येत नाही. तिथं सोलर हवंय ते बिलासाठी की अंधारासाठी, हे आधी घरात ठरवा. अंधारासाठी असेल तर बॅटरी लागणार, खर्च बराच वाढणार, आणि ज्या दिवसांत बॅटरीची गरज सगळ्यांत जास्त त्याच दिवसांत ती हळू भरणार. अथणी, रायबागकडच्या मंडळींना ही काळजी नाही, त्यांच्याकडे ऊन भरपूर.

जेवणं झाल्यावर विहीणबाई मुद्द्यावर आल्या. "मग आम्ही बसवू का?" मी त्यांचं बिल विचारलं. घरात दोघंच. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट. बिल शून्य. गृहज्योती.

"मग तुमच्या शून्यातून मी काय वजा करू?" मी म्हटलं. २०२३ च्या ऑगस्टपासून गृहज्योतीची बिलं येऊ लागली. २०२२-२३ सालच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून, दोनशे युनिटांपर्यंत वीज माफ. आमचा वापर तीनशेच्या घरात, वर्षाला ३६०० युनिट. खाली आम्ही दोघं, वर मुलाचं कुटुंब आणि त्याचं घरून चालणारं संगणकाचं काम. आम्ही त्या योजनेत बसलोच नाही, म्हणून आमची बचत खरी. विहीणबाईंनी पंचाहत्तर हजार घातले असते तर वाचवायला बिलच नव्हतं. जास्तीची वीज लाइनला विकता येते, पण तिला मिळणारा भाव आपण देतो त्याहून कमी. वापरापेक्षा मोठं सोलर बसवण्यात म्हणूनच फायदा नाही.

विहीणबाई जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, हुबळीला त्यांच्या भावाकडे महिन्याला चारशे युनिट जळतात, त्यांना तरी सांगते. लगेच फोन लावला. पलीकडून भाऊ पावसाचंच बोलत असावेत, कारण या दोनदा "मळी बिडरी, मळी बिडरी" म्हणाल्या. मग त्यांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला आणि गच्चीवर शेजारच्या इमारतीची सावली किती वाजता येते ते विचारायला सुरुवात केली.